शाळेतून उभा राहिलेला कारखाना



स्मरणिकेसाठी सगळ्यांनी शाळेच्या आठवणी लिहायच्या असं ठरलं. ते काम माझ्यापेक्षा चांगलं करणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत, म्हणून मी संपादक मंडळाकडून जरा वेगळी परवानगी मागून घेतली. मी एका धर्मगुरूंचं चरित्र लिहिणार आहे. आपल्यापैकी कुणी त्यांना पाहिलेलं नाही, आपला जन्म होण्याआधीच ते वारले. पण एका लहान गावातल्या शाळेचे माजी विद्यार्थी एकत्र राहिले तर काय घडू शकतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण त्यांच्या शाळेचं आहे. मेळाव्याच्या अंकात ते असावं असं मला मनापासून वाटलं.

त्यांचं नाव होसे मारिया आरिस्मेंदियारिएता. आडनाव एका दमात म्हणता येत नाही. त्यांच्या गावचे लोक त्यांना नुसतं डॉन होसे मारिया म्हणायचे. हा डॉन आपल्या सिनेमातला नव्हे. आपण आदराने नावापुढे राव लावतो, तसा स्पॅनिश लोक नावाआधी डॉन लावतात. मी आपल्या वसईच्या सवयीने त्यांना फादरच म्हणते.

फादरांचा जन्म २२ एप्रिल १९१५ चा. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा डोंगराळ प्रदेश आहे, तिथल्या मार्किनाजवळच्या बारिनागा या खेड्यात ते जन्मले. घर शेतकऱ्याचं, भावंडांत ते थोरले. तीन वर्षांचे असताना अपघातात डावा डोळा गेला. थोरल्या मुलाने शेत सांभाळायचं ही तिथली रीत, पण हा मुलगा पुस्तकांत रमणारा. बाराव्या वर्षी तो सेमिनरीत दाखल झाला. घरात बोलायची भाषा बास्क. ही भाषा स्पॅनिशच काय, युरोपातल्या कुठल्याच भाषेच्या नात्यातली नाही, आणि बास्क माणूस तिला जिवापाड जपतो.

१९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. एका डोळ्यामुळे फादरांना आघाडीवर पाठवलं नाही. बिल्बाओ शहरात ‘एगुना’ नावाचं बास्क भाषेतलं दैनिक निघालं, तिथे ते काम करू लागले. जून १९३७ मध्ये जनरल फ्रँकोच्या सैन्याने बिल्बाओ घेतलं आणि फादर तुरुंगात गेले. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. धंदा काय, असं विचारल्यावर त्यांनी आपण सैनिक असल्याचं सांगितलं, म्हणून युद्धकैदी समजून त्यांना सोडलं आणि पत्रकार म्हणून नाव लागलेले गोळीला सामोरे गेले, असं त्यांच्याविषयी सांगतात. महिन्याभराने ते सुटले, सेमिनरीत परतले आणि १९४० च्या अखेरीला त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्यांना बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला जायचं होतं. बिशपांनी वेगळा आदेश दिला. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी पंचविशीतले फादर मोंद्रागोन नावाच्या गावी सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झाले. पुढची पस्तीस वर्षं, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत, त्यांची बदली झाली नाही. एका धर्मग्रामात पूर्ण आयुष्य. आपल्याकडे काही वर्षांत फादरांच्या बदल्या होतात, त्यामुळे हे वेगळं वाटेल. पण पुढचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

मोंद्रागोन दरीत वसलेलं गाव. आठेक हजार वस्ती. लोखंडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गावातला मोठा कारखाना एकच, ‘उनियॉन सेर्राहेरा’, कुलपं आणि लोखंडी सामान बनवणारा. नोकरी तिथेच आणि उधारउसनवारही त्याच पगारावर. युद्धाने गाव चिरून ठेवलं होतं. या धर्मग्रामाचे आधीचे मुख्य धर्मगुरू, फादर होसे होआकिन आरिन, यांना १९३६ मध्ये फ्रँकोच्या लोकांनी गोळ्या घातल्या होत्या. कुणाचा बाप तुरुंगात, कुणाचा भाऊ परागंदा. अन्नधान्य रेशनवर आणि क्षयाची साथ घरोघर. चर्चमध्ये एका बाकावर बसलेली दोन माणसं युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेली असू शकत होती.

अशा गावात हे नवे फादर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि लोक निराश झाले. आवाज एकसुरी, वाक्यं लांबलचक, शब्द पुस्तकी. त्यांचं प्रवचन गावाला कधीच फारसं आवडलं नाही. त्यांची माणसं जोडली गेली ती चर्चबाहेर. संध्याकाळी कारखाना सुटल्यावर ते पोरांना गोळा करून बसायचे, अभ्यासवर्ग घ्यायचे. ते वर्ग किती झाले याची मोजदाद पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली तेव्हा आकडा हजारांत गेला. गावात फुटबॉलचं मैदान हवं म्हणून ते वर्गणी मागत फिरले. क्षयरोग्यांसाठी दवाखान्याची खटपट केली. गावभर सायकलवरून फिरणारा काळा झगा, ही त्यांची ओळख.

फादरांच्या डोक्यात जे चाललं होतं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्र काढलं होतं. कामगार हा यंत्राचा सुटा भाग नाही, तो माणूस आहे, त्याला न्याय्य मजुरी आणि संघटना करण्याचा हक्क आहे, अशी त्याची शिकवण. फादर सेमिनरीत हे वाचून आले होते. त्यांनी त्यात आपली भर घातली. काम म्हणजे आदामाच्या पापाची शिक्षा, असं मानणारे पुष्कळ होते. फादर उलट मांडत. देवाने जग अर्धवट ठेवलंय ते माणसाने पुरं करावं म्हणून, आणि ते करता करता माणूस स्वतःही घडतो. ज्याच्या वाडवडिलांनी रहाटाचं पाणी देऊन वाडी फुलवली, त्या वसईकराला हे वेगळं समजवायला नको. प्रश्न पुढचा होता. काम इतकं पवित्र असेल, तर काम करणाऱ्याला त्या कामाबद्दल एक शब्द बोलायची मुभा का नाही? कारखान्याचं काय करायचं हे फक्त भांडवलवाल्याने का ठरवायचं?

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मोर्चाने द्यायचं ठरवलं नाही. फ्रँकोच्या राज्यात संपाला बंदी होती आणि स्वतंत्र कामगार संघटनेलाही. पण कारण तेवढंच नव्हतं. चालवायचं कसं हे ज्यांना येत नाही, त्यांच्या हाती कारखाना दिला तरी तो महिन्याभरात दुसऱ्याच्या हाती जाईल, असं त्यांचं मत. त्यामुळे आधी शाळा.

उनियॉन सेर्राहेरामध्ये शिकाऊ उमेदवारांची शाळा होती, फादर तिथे शिकवायला जायचे. पण तिथे प्रवेश मिळायचा तो मुख्यतः कामगारांच्या मुलांना, तोही मोजक्या जागांवर. बाकीच्या पोरांनी चौदाव्या वर्षी मजुरीला लागायचं. फादरांनी व्यवस्थापनाला जागा वाढवायला सांगितलं, ते नाही म्हणाले. मग फादरांनी गावाला विचारलं. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवल्या. ज्याला गावात तांत्रिक शाळा हवी असेल त्याने चिठ्ठीवर नाव लिहायचं, आणि आपण काय देऊ शकतो तेही लिहायचं. पैसे किंवा श्रम. सुमारे सहाशे चिठ्ठ्या आल्या. युद्धात होरपळलेल्या, जाहीर मत द्यायला घाबरणाऱ्या गावात सहाशे माणसांनी आपलं नाव लिहून पेटीत टाकलं, हे मला त्यांच्या सगळ्या चरित्रात सर्वांत विलक्षण वाटतं. मतदान नावाची गोष्ट त्या देशात उरली नव्हती. त्या पेट्या म्हणजे जवळजवळ मतदानच होतं.

१९४३ च्या ऑक्टोबरात शाळा सुरू झाली. वीस मुलं. फिटरचं काम, लेथ, ड्रॉइंग, गणित आणि त्याबरोबर समाज व धर्म यांवर फादरांचे तास. शाळा चालवायला पालकांचं आणि गावातल्या लोकांचं मंडळ. फादर त्यात कायम होते, पण शाळा त्यांच्या नावावर नव्हती.

इथे आपल्या शाळेचं एक सांगते. आपल्याला आठवड्यातून कार्यानुभवाचा तास असायचा. तो गणिताचा किंवा विज्ञानाचा पोर्शन पुरा करायला कसा जायचा, हे सगळ्यांना आठवत असेल. कुणाला दोष द्यायचा नाही, सगळ्याच शाळांत तसं होतं. पण त्यातून आपण एक धडा न शिकवता शिकलो. हाताने करायचं ते दुय्यम. दहावीचा निकाल लागला, ज्यांचे टक्के चांगले ते सायन्सला गेले आणि ज्यांचे नव्हते त्यांच्यासाठी आयटीआय. तेव्हा आयटीआयला जाणाऱ्यांना कुणी पेढे मागितले नाहीत. मी इंजिनीअरिंगला गेले, चार वर्षांत वर्कशॉपमध्ये एक वेडीवाकडी जॉब पीस घासली आणि पुढे संगणकाकडे वळले. आपल्या वर्गातल्या एकाने वालीवला टर्नर म्हणून सुरुवात केली आणि आज त्याच्याकडे स्वतःची दोन सीएनसी मशीन आहेत. आमच्या दोघांत खरा इंजिनीअर कोण, हा प्रश्न मला गमतीने पडत नाही.

फादरांच्या शाळेत ही भिंतच नव्हती. लेथवर काम करणाऱ्या पोराला पुढे शिकायचं असेल तर त्याला वाट असली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण या पोरांना विद्यापीठात जाणं परवडणार नव्हतं. फादरांनी सारागोसाच्या तांत्रिक संस्थेशी बोलून व्यवस्था केली. मुलांनी दिवसा कारखान्यात काम करायचं, संध्याकाळी मोंद्रागोनला शिकायचं आणि परीक्षा सारागोसाला जाऊन बहिःस्थ विद्यार्थी म्हणून द्यायची. अशा अकरा जणांनी १९५२ पर्यंत औद्योगिक अभियांत्रिकीची पदविका पुरी केली.

ते अकरा जण उनियॉन सेर्राहेरात वरच्या जागांवर गेले. तिथे त्यांनी फादरांकडून शिकलेलं करून पाहायचा प्रयत्न केला. कामगारांना भांडवलात वाटा मिळावा, निर्णयात स्थान मिळावा असा आग्रह धरला. व्यवस्थापनाने तो मानला नाही. तेव्हा त्यांच्यातल्या पाच जणांनी १९५५ च्या सुमारास राजीनामे दिले. तिशीच्या आसपासचे, चांगल्या नोकरीतले, संसाराला लागलेले पाच वर्गमित्र. घरच्यांनी काय म्हटलं असेल हे सांगायला नको.

त्यांच्याकडे ना पैसा, ना नक्की काय बनवायचं याचा बेत. कुठल्या कायद्याखाली संस्था काढायची हेही ठरलेलं नव्हतं. त्यांच्याकडे होती ती गावातली पत, आणि पाठीशी फादर. ओळखीच्या, नात्यातल्या, शेजारच्या सुमारे शंभर लोकांनी या पाचांवर विश्वास ठेवून पैसे दिले. तारण काही नाही. त्या पैशातून त्यांनी व्हितोरिया शहरातली एक बुडीत कंपनी विकत घेतली, कारण नवा उत्पादन परवाना मिळणं फ्रँकोच्या काळात मुश्किल होतं आणि त्या कंपनीकडे तो होता. १४ एप्रिल १९५६ रोजी मोंद्रागोनला नव्या इमारतीची पायाभरणी झाली आणि फादरांनी आशीर्वाद दिला. पहिलं उत्पादन होतं रॉकेलचा स्टोव्ह. इंग्रजी बनावटीचा एक स्टोव्ह समोर ठेवून केलेला.

कंपनीचं नाव ठेवलं उल्गोर. उसातोरे, लारान्यागा, गोर्रोन्योगोइतिया, ओर्माएचेआ आणि ओर्तुबाय, या पाच आडनावांच्या अक्षरांतून ते बनलं. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला नाव ठेवताना आपण जे केलं तेच. त्यांचा ग्रुप पुढे हजारो लोकांना रोजगार देणारा ठरला.

१९५९ मध्ये उल्गोर कायद्याने सहकारी संस्था झाली. तिचे नियम मी थोडक्यात देते, कारण फादरांचं खरं प्रवचन तेच. काम करणारा प्रत्येक जण मालक. सभासद होताना प्रत्येकाने थोडं भांडवल घालायचं, एकदम जमत नसेल तर पगारातून कापून. मताला भांडवलाचं वजन नाही. झाडू मारणाऱ्याला एक मत आणि मुख्य व्यवस्थापकालाही एकच. व्यवस्थापक नेमणारं मंडळ सभासदांनी निवडायचं. सर्वांत वरचा पगार सर्वांत खालच्या पगाराच्या तिपटीहून जास्त नाही. पुढे हे प्रमाण काहीसं वाढलं, पण मर्यादा राहिली. नफ्यातला काही भाग राखीव, काही भाग शिक्षणासाठी आणि गावासाठी, उरलेला सभासदांच्या खात्यावर जमा. पण ती रक्कम लगेच उचलून न्यायची नाही, संस्था सोडताना किंवा निवृत्त होताना घ्यायची. तोवर ती धंद्यात राबणार.

मी माझ्या क्षेत्रात पगाराच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पावतीत किती पटीचं अंतर असतं ते मला ठाऊक आहे. तीन हा आकडा वाचून मी दोनदा खात्री करून घेतली.

मग फादरांच्या मनात बँक आली. गावाची बचत गावातच राबली तर नव्या संस्थांना भांडवल मिळेल, नाहीतर तरुणांना पोटासाठी गाव सोडावं लागेल. पाचही शिष्यांना हे वेडेपण वाटलं. स्टोव्ह बनवता बनवता नाकी नऊ आलेत, त्यात बँक कुठे? फादर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी नियमावली स्वतः तयार केली आणि कागदपत्रं सरकारकडे पाठवून दिली. संस्थापकांच्या सह्याही त्यांनीच ठोकल्या, असं त्यांचे शिष्य पुढे हसत सांगत. १९५९ मध्ये ‘काहा लाबोराल पोपुलार’ ही कामगारांची बँक उघडली आणि पुढच्या सगळ्या वाढीचा कणा तीच ठरली. ती नुसतं कर्ज द्यायची नाही. नवा धंदा काढू पाहणाऱ्या मित्रांच्या गटाला हिशेब मांडून द्यायची, बाजार तपासून द्यायची, जम बसेपर्यंत आपला माणूस सोबत ठेवायची.

धर्मगुरूने बँक काढावी याचं आपल्या धर्मग्रामांतल्या लोकांना तरी नवल वाटू नये. मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी १९१८ साली वसईत जी पतसंस्था सुरू केली, तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक. मोंद्रागोनच्या बँकेहून ती चाळीस वर्षांनी थोरली आहे. सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला मान द्यायचा तर उपदेश पुरत नाही, त्याच्या हाती पासबुक लागतं, हे दोघांनाही कळलं होतं.

त्याच सुमाराला सरकारने एक धक्का दिला. सहकारी संस्थेतले सभासद मालक आहेत, कामगार नव्हेत, तेव्हा त्यांना सरकारी आरोग्य आणि पेन्शन योजना लागू नाही. मालक झाल्याची ही शिक्षाच. यांनी आपली स्वतःची योजना काढली, ‘लागुन आरो’. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण सगळं त्यात. १९६६ मध्ये ‘अलेकोप’ निघाली. ही विद्यार्थ्यांची सहकारी संस्था. अर्धा दिवस वर्गात, अर्धा दिवस कारखान्यात, आणि कमाईतून स्वतःची फी. बापाच्या खिशाकडे न बघता शिकता यावं म्हणून.

बायकांच्या बाबतीत मात्र हे समतेचं गाव उशिरा जागं झालं. मुलगी नोकरीला लागायची, पण लग्न झालं की घरी बसायची, सहकारी कारखान्यांतही. १९६९ मध्ये विवाहित स्त्रियांच्या एका गटाने फादरांच्या पाठिंब्याने ‘आउसो लागुन’ ही संस्था काढली. कारखान्यांना जेवण पुरवायचं, साफसफाईची कामं घ्यायची आणि वेळा अशा ठेवायच्या की घर सांभाळणारीलाही जमेल. जे काम त्या घरी फुकट करत होत्या, त्याला तिथे दर आला, सभासदत्व आलं, मत आलं. स्वयंपाक आणि झाडलोट बायकांकडेच राहिली हेही खरं, आणि आज ते आपल्याला खटकावं. पण स्वयंपाकघरातल्या श्रमाला प्रतिष्ठा द्यायची म्हणजे मातृदिनाला फुलं नव्हेत, हिशेबाच्या वहीत तिचं नाव, हे त्यांनी १९६९ मध्ये करून दाखवलं.

फादरांवर टीका दोन्हीकडून झाली. काहींना ते लाल झेंड्याचे वाटायचे. डाव्यांना वाटायचं की कामगाराला मालकीचं गाजर दाखवून हे लढा बोथट करतात. फादर कुठल्याही संस्थेचे अध्यक्ष झाले नाहीत, पगार घेतला नाही. सभासदांसाठीच्या मासिकात लिहीत राहिले, कुणाकडे काही नवं दिसलं की त्याच्या मागे लागत राहिले. पोरांना नेतेपण करू दिलं, आणि पोरं ऐकेनाशी झाली तेव्हा तेही चालवून घेतलं.

खरी कसोटी १९७४ ला लागली. उल्गोर तोवर तीन हजारांवर माणसांचा कारखाना झाला होता. कोणतं काम किती मोलाचं, कुणाला कुठला पगार-दर्जा, यावरून वाद झाला आणि काहीशे सभासदांनी संप केला. मालकांनी स्वतःच्याच कारखान्यात केलेला संप. व्यवस्थापनाने सतरा जणांना काढून टाकलं आणि सर्वसाधारण सभेने मतदान करून ते कायम केलं. काही वर्षांनी त्यांना परत घेण्यात आलं, पण जखम झाली ती झाली. पाच मित्रांच्या वेळी जो शब्द समोरासमोर बोलला जायचा, तो हजारोंच्या गर्दीत कागदावर आला आणि कोरडा झाला. कामाला मोल आहे हे सगळ्यांना मान्य होतं. कुणाच्या कामाला किती, इथे भांडण होतं. प्रतिष्ठा वाटणं सोपं, तिचे आकडे ठरवणं अवघड.

फादर तेव्हा हृदयविकाराने खंगले होते. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी मोंद्रागोनलाच त्यांनी देह ठेवला. वय एकसष्ट. फ्रँको वर्षभरापूर्वी गेला होता. ज्या मोकळ्या देशात जाहीर मतदान होणार होतं, तो पाहायला फादर उरले नाहीत. मतदानाची सवय मात्र त्यांनी गावाला आधीच लावून ठेवली होती. डिसेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपदाच्या वाटेवरचा ‘व्हेनरेबल’ हा दर्जा दिला.

चरित्र इथे संपतं, पण हिशेब पुरा केला पाहिजे. उल्गोरच पुढे ‘फागोर’ नावाने फ्रीज आणि वॉशिंग मशीन बनवू लागली. युरोपातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना झाली. २००८ च्या मंदीनंतर घरबांधणी थंडावली, खप कोसळला आणि २०१३ मध्ये ती बुडाली. पाच वर्गमित्रांची कंपनी संपली. सभासदांनी गुंतवलेलं पुष्कळ भांडवल गेलं. निवृत्तीची पुंजी गेलेले लोक रस्त्यावर आले, आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. सहकाराने बाजारातून सुटका होत नाही.

पण पुढे जे झालं ते मला माझ्या अनुभवाशेजारी ठेवून पाहावं लागलं. दोन वर्षांपूर्वी मी काम करते त्या कंपनीत कपात झाली. माझ्या शेजारी अकरा वर्षं बसणारी सहकारी, जिने लिहिलेला कोड आजही रोज चालतो, तिला पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सांगण्यात आलं. संध्याकाळपर्यंत तिचा लॅपटॉप बंद. तिचं काम वाईट होतं असं कुणीही म्हटलं नाही. तिला कुणी काही विचारलंच नाही. त्या आठवड्यात मी फादरांविषयी वाचायला लागले. फागोर बुडाल्यावर मोंद्रागोनच्या बाकीच्या संस्थांनी बहुसंख्य सभासदांना आपल्याकडे सामावून घेतलं, काहींना वेळेआधी निवृत्ती दिली, आणि त्याचा भार बाकीच्या सभासदांनी उचलला. नोकरी तिथेही गेली होती. पण कामगाराला खर्चाची ओळ समजून खोडलं नाही. मला फरक एवढाच दिसतो, आणि तो मला पुरेसा मोठा वाटतो.

आज मोंद्रागोन समूहात ऐंशीच्या आसपास सहकारी संस्था आहेत आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसं काम करतात. १९४३ ची ती वीस मुलांची शाळा वाढत वाढत १९९७ मध्ये मोंद्रागोन विद्यापीठाचा भाग झाली. स्टोव्हचा कारखाना गेला, शाळा राहिली. फादरांनी आधी शाळा का काढली याचं उत्तर यात आलं.

आता आपलं. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर बरेच दिवस चर्चा चालू आहे. प्रवेशद्वाराला कमान, की सभागृहाला एसी? माझं मत मी बैठकीत मांडलं, इथेही मांडते. शाळेच्या मागची जुनी खोली साफ करून तिथे कार्यशाळा करावी. वायरिंग, सुतारकाम, नळजोडणी, शिवण, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंग. सगळ्या मुलामुलींसाठी, हुशारांसाठी आणि ज्यांना आपण हुशार म्हणत नाही त्यांच्यासाठीही, एकाच बाकावर. शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज नाही. आपल्याच तुकडीत इलेक्ट्रिशियन आहेत, नर्स आहेत, बेकरीवाला आहे, वाडीत फुलं पिकवणारी आहे, वालीवचा आपला टर्नर आहे.

समितीने एक गोष्ट मान्य केली आहे. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाजवळ एक पेटी ठेवलेली असेल आणि शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या. कार्यशाळा हवी की नको ते लिहा, नाव लिहा, आणि काय द्याल ते लिहा. रुपयेच लिहायचे असं नाही. महिन्यातला एक शनिवार लिहिला तरी चालेल. माझा मी लिहून ठेवला आहे.